हाताने शिवलेली हुडी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

थंडी सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रे एकाच कपड्याविषयी आहेत. तो म्हणजे टोपीचा स्वेटशर्ट, ज्याला आता घरोघरी हुडी म्हणतात. नाशिकच्या शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटात किंवा मेन रोडच्या दुकानांत टांगलेल्या तयार हुडीविषयी मात्र कोणी विचारलेले नाही. एकट्याने किंवा दोघी-तिघींनी मिळून घरी शिवलेल्या, गोधडीच्या पाठीच्या, लांब टोकाच्या टोपीच्या, वारली चित्रांच्या आणि कांद्याच्या सालीत रंगवलेल्या हुड्यांविषयी हे प्रश्न आहेत. आपल्या शहरात असे काम करणारे हात वाढत आहेत याचा मला मनापासून आनंद वाटतो आणि त्या हातांना योग्य दाम व योग्य गिऱ्हाईक मिळावे, अशी इच्छाही आहे. पत्रे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत.

माझ्या मुलीने एका प्रदर्शनात गोधडीच्या पाठीची हुडी पाहिली. किंमत ४,२०० रुपये. तशीच दिसणारी हुडी बाजारात ८०० रुपयांना मिळते. मुलगी हट्ट धरून बसली आहे आणि मला ही उधळपट्टी वाटते. एवढी किंमत नेमकी कशाची असते?
— एक आई, कॉलेज रोड

आपण आधी कापडाचा हिशेब करू. होजिअरीचे कापड मीटरवर नव्हे, किलोवर विकले जाते आणि त्याची जाडी जीएसएममध्ये सांगतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. मोठ्या माणसाच्या हुडीला पुढा, पाठ, दोन बाह्या, खिसा आणि दुहेरी टोपी धरून सुमारे दोन चौरस मीटर कापड लागते. ते ३२० जीएसएमचे असेल तर ६४० ग्रॅम झाले. कमरेची व मनगटाची रिब (ताणली जाणारी विणीची पट्टी) आणि बेतताना वाया जाणारे तुकडे धरले की हा आकडा पाऊण किलोच्या पुढे जातो. कारखाना हेच कापड टनांनी घेतो आणि घरी शिवणारी बाई एका वेळी तीन-चार किलो घेते. त्यामुळे दोघांना पडणारा भाव सारखा असणे शक्यच नाही.

तरीही खरी किंमत कापडाची नसते, ती हाताच्या कामाची असते. पाठीचा तुकडा साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ६५ सेंटीमीटर लांब असतो. त्यावर एकेक सेंटीमीटरच्या अंतराने आडवा धावदोरा घातला तर ६५ ओळी होतात. प्रत्येक ओळ ६० सेंटीमीटरची धरली, तर एकूण ३९ मीटर धावदोरा होतो. तीन थरांतून सुई काढताना माझ्या हाताला एका मीटरला १५ मिनिटे लागतात. रोजच्या सवयीचा हात ते काम १० मिनिटांत करील, आणि त्या हिशेबानेही नुसत्या पाठीला साडेसहा तास लागतील. त्याआधी जुनी लुगडी धुऊन, विरलेला भाग काढून तुकडे जुळवायचे असतात आणि त्यानंतर संपूर्ण हुडी शिवायची असते. शिवणारी नोंदणीकृत विक्रेती असेल तर कराचाही विचार करावा लागेल, कारण २२ सप्टेंबर २०२५पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. सांगितलेल्या किमतीत तो धरलेला आहे का, हे विचारून घ्या.

राहिला प्रश्न बाजारातल्या ‘तशाच’ हुडीचा. ती उलटी करून पाहा. धावदोरा हाताचा असेल तर आतल्या बाजूलाही टाके दिसतील, दोन टाक्यांमध्ये मोकळी जागा असेल आणि टाके जरा लहानमोठे असतील. मशीनची टीप दोन्ही बाजूंना सलग दिसते. आत काहीच दिसत नसेल तर तुम्ही गोधडीचे छापलेले चित्र पाहत आहात. त्याला ८०० रुपये ही रास्त किंमत आहे, परंतु दोन्ही वस्तू एक नव्हेत.

माझे मत विचाराल तर हाताचे काम खरे असल्यास ४,२०० रुपये अवाजवी नाहीत. तरीही एवढा खर्च जड वाटत असेल तर आपल्या घरातली जुनी सुती लुगडी त्या बाईंना नेऊन दाखवा आणि फक्त टोपीचे अस्तर व खिसा तेवढा गोधडीचा करून मागा. हाताचे काम पाठीच्या तुलनेत बरेच कमी होईल, आणि मुलीच्या अंगावर पणजीचे लुगडे राहील.

‘हँडमेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक हुड्या प्रत्यक्षात तयार माल आणून त्यावर छापलेल्या असतात, असे मित्र म्हणतात. खरे-खोटे कसे ओळखावे?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सातपूर

तुमचे मित्र म्हणतात ते बऱ्याच अंशी खरे आहे. तिरुप्पूर आणि लुधियाना ही होजिअरीची मोठी केंद्रे आहेत. तिथून कोऱ्या हुड्या मागवून त्यांवर छपाई किंवा भरतकाम करणारे अनेक आहेत आणि त्यात गैर काहीही नाही. कोऱ्या हुडीवर आठवडाभर बसून भरतकाम केले असेल तर ते भरतकाम हाताचेच असते. आक्षेप आहे तो न सांगण्याला. ‘हुडी तयार घेतली, भरतकाम माझे’ असे स्पष्ट सांगणाऱ्याकडून निःशंक मनाने घ्या.

ओळखण्याच्या दोन खुणा सांगतो. छापलेले चित्र खिशाच्या कडेपाशी, खांद्याच्या शिवणीपाशी किंवा चेनीपाशी कसे संपते ते पाहा. तयार कपड्यावर छापताना जाड शिवणीवरून छपाईची चौकट नीट बसत नाही, म्हणून चित्र शिवणीच्या अलीकडेच थांबवतात किंवा शिवणीवर ते तुटक उमटते. कापड आधी छापून मग बेतलेले असेल तर चित्र शिवणीत शिरते आणि आतल्या मायेवरही (शिवणीपलीकडे सोडलेल्या कापडावरही) त्याचा उरलेला भाग सापडतो. दुसरी खूण प्रश्न विचारून कळते. ‘बाही दोन इंच लांब आणि टोपी जरा खोल करून मिळेल का?’ असे विचारा. स्वतः बेतणारी व्यक्ती लगेच टेप घेऊन तुमचे माप घेऊ लागेल. तयार माल आणणाऱ्याकडे या प्रश्नाला फक्त ‘एम, एल, एक्सएल’ एवढेच उत्तर असते.

माझ्या मते मात्र सगळ्यांत मोठी परीक्षा टोपीची असते. हुडीचा बाकीचा भाग सरळ रेषांचा असल्याने तो कोणालाही जमतो. टोपीत मात्र डोक्याची गोलाई, मानेचा उतार आणि कापडाचे वजन या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. टोपी घालून मान दोन्ही बाजूंना वळवा. मान वळते पण टोपी जागेवरच राहून डोळ्यांवर येते, असे होत असेल तर ती अंदाजाने कापलेली आहे. टोपी मागे टाकून आरशात पाहा. गळा वर ओढला जात असेल तर पाठीवर कितीही सुंदर काम असले तरी ती हुडी दोनदा घातली जाईल आणि मग कपाटात राहील.

ताई, मी घरी साध्या मशीनवर हुड्या शिवते. वेगळ्या आकाराच्या टोप्या, कान असलेल्या, लांब टोकाच्या, अशी माझी खासियत आहे. पण दोन तक्रारी वारंवार येतात. गळ्याची शिवण उसवते आणि टोपी मागे ओढली जाऊन गळा दाबतो. काय चुकते आहे?
— एक शिवणकाम करणारी भगिनी, सिडको

आपण तक्रारी लपवल्या नाहीत, याबद्दल आधी आपले कौतुक करतो. (मी ताई नव्हे, दादा आहे, परंतु संबोधनातला जिव्हाळा पोचला.) उत्तर सविस्तर देतो, कारण हाच प्रश्न इतर पाच जणींनीही विचारला आहे.

शिवण उसवते कारण साध्या मशीनची टीप ताणली जात नाही आणि होजिअरीचे कापड ताणले जाते. डोके आत घालताना गळा ताणला की कापड लांबते, दोरा लांबत नाही आणि तो तुटतो. पिको-फॉलच्या दुकानात इंटरलॉक करून मिळते, ते बहुधा तीन धाग्यांचे असते आणि ते कडेचे धागे सुटू नयेत यासाठी असते. जोडशिवणीला चार धाग्यांचे इंटरलॉक मागा, कारण त्यात जोड धरून ठेवणारी जादा टीप असते. तशी सोय जवळ नसेल तर सुती दोऱ्याऐवजी पॉलिस्टरचा दोरा वापरा, टाका बारीक ठेवा आणि शिवताना कापड हलक्या हाताने ताणून धरा, म्हणजे शिवणीत दोरा जास्त मुरतो. आपल्या मशीनला झिगझॅग असेल तर अगदी अरुंद झिगझॅग सर्वांत चांगली. सुई बॉल पॉइंटचीच हवी. साधी टोकदार सुई विणीचा धागा छेदते आणि दोन धुण्यांनंतर शिवणीलगत बारीक भोके दिसू लागतात. जाड फ्लीसला (आतून मऊ लव असलेल्या कापडाला) १४ नंबरची सुई चालते. गळ्याच्या मागच्या अर्ध्या भागात, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, शिवणीवर सुती पट्टी लावा. तिथे कापड ताणले जाऊ नये हाच तिचा हेतू आहे, म्हणून ही पट्टी उरेब (तिरकी) कापू नका, सरळ धाग्यावर कापा.

आता टोपीविषयी. गळा दाबतो याचे कारण बहुतेक वेळा टोपीच्या वजनात आणि पुढच्या गळ्याच्या खोलीत असते. आपण नेहमीच्या गोल गळ्याच्या मापावर टोपी जोडत असाल, असे मला वाटते. हुडीचा पुढचा गळा त्यापेक्षा दोन सेंटीमीटर खाली उतरवा आणि टोपीच्या दोन्ही बाजू पुढे मध्यभागी तीन-चार सेंटीमीटर एकमेकींवर आणा. त्यामुळे वजन मानेच्या एकाच बिंदूवर लटकत नाही, सगळ्या गळ्यावर वाटले जाते. टोपीच्या उंचीसाठी गळ्याच्या खळगीपासून टेप डोक्यावरून नेऊन पुन्हा खळगीपर्यंत आणा. त्या मापाच्या निम्म्यात तीन सेंटीमीटर मिळवा. टेप ७० सेंटीमीटर आली तर टोपी ३८ सेंटीमीटर उंच हवी.

अस्तराला पुन्हा तेच जाड फ्लीस लावणे ही दुसरी चूक. टोपीच्या एका थराला सुमारे पाव चौरस मीटर कापड लागते. ३२० जीएसएमचे अस्तर ८० ग्रॅमचे होते आणि १८० जीएसएमचे साधे जर्सी कापड ४५ ग्रॅमचे. फरक ३५ ग्रॅमचाच असला तरी तो मानेच्या मागे लोंबकळतो, म्हणून जाणवतो. आपल्या लांब टोकाच्या टोप्यांना तर हे अधिकच लागू आहे. टोक एकाच थराचे ठेवा आणि त्यात कापूस भरण्याचा मोह टाळा. कान वरून टाचू नका. टोपी तीन तुकड्यांची करा, मधल्या पट्टीच्या शिवणीत कान पकडा आणि कानाला आतून पातळ फोमचा आधार द्या. तसे केले की कान पडत नाहीत आणि धुतल्यावरही आकार धरून राहतात.

बेतण्यापूर्वी कापड धुणे सोडू नका. प्रत्येक नव्या कापडाचा ५० सेंटीमीटरचा चौरस कापून, धुऊन, वाळवून पुन्हा मोजा. तो ४७ झाला तर कापड ६ टक्के आटते आणि छातीचा ११० सेंटीमीटरचा घेर पहिल्याच धुण्यात साडेसहा सेंटीमीटरने कमी होईल. रिब कमरेच्या घेराच्या चार-पंचमांश कापा. लांबट कापलेली रिब महिनाभरात सैल पडते आणि गिऱ्हाईक म्हणते, ‘कापड वाईट होते.’

मापाची हुडी करून घेण्यासाठी पूर्ण रक्कम आगाऊ दिली. दहा आठवडे झाले, रोज नवे कारण मिळते. काय करावे?
— एक वाचक, इंदिरानगर

एकट्याने काम करणाऱ्याला आजारपण येते, कापड वेळेवर मिळत नाही. म्हणून आधी एकदा शांतपणे, लेखी, नवी तारीख मागा. तीही टळली तर रक्कम परत मागा आणि परत न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुढच्या वेळी निम्मी रक्कम आधी आणि निम्मी कपडा हाती आल्यावर द्यायची, असे ठरवा. माप, कापड, रंग आणि तारीख एका कागदावर लिहून दोघांनीही ठेवावी. मापावर शिवलेला कपडा सहसा परत घेतला जात नाही, हेही आधीच समजून घ्या.

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. पारा उतरला की पहाटे तीन-चारला उठून बागेत शेकोट्या कराव्या लागतात. माझे आजोबा घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घ्यायचे. एक तरुण मला घोंगडीच्या कापडाची हुडी शिवून देतो म्हणतो. उपयोग होईल का?
— एक द्राक्ष बागायतदार

आपले पत्र वाचून मला फार बरे वाटले, कारण या कपड्याची मूळ गरज आपण नेमकी लिहिली आहे. आज जी हुडी आपण पाहतो ती १९३०च्या दशकात अमेरिकेत चॅम्पियन या कंपनीने थंडीत काम करणारे गोदाम कामगार आणि मैदानावरचे खेळाडू यांच्यासाठी बनवली. हात मोकळे राहावेत आणि डोके झाकले जावे, हाच तिचा उद्देश होता. आपल्याकडच्या मेंढपाळाची आणि शेतकऱ्याची खोळ तेच काम त्याआधीपासून करीत आली आहे. फक्त खोळ एका हाताने धरावी लागते किंवा वारा आला की सावरावी लागते. त्यामुळे घोंगडीची हुडी ही कल्पना मला चांगली वाटते, तरीही शिवताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतील.

घोंगडी दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची असते आणि मागावर विणलेली असते. विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवे कापड कडक असते. ते होजिअरीसारखे ताणले जात नाही. त्यामुळे डोक्यातून घालायची हुडी करू नका, पुढून उघडी आणि मोठ्या गुंड्यांची करा. छातीच्या मापावर किमान १५ ते २० सेंटीमीटर सैल ठेवा आणि मुंढा (बाही जोडायची खाच) मोठा कापा, नाहीतर फांदीपर्यंत हात उचलताना सगळा कपडा वर चढेल. कापलेल्या कडा लगेच बांधून घ्याव्यात, कारण धागे भराभर सुटतात. राठ लोकर मानेला आणि कपाळाला टोचते, म्हणून टोपीला व गळ्याला धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराचे अस्तर द्यावे.

शेकोटीच्या कामात लोकरीचा एक मोठा गुण आपल्या उपयोगी पडेल. लोकर सहजासहजी पेटत नाही आणि ठिणगी पडली तरी बहुधा तिथेच करपून विझते. पॉलिस्टरचे फ्लीस मात्र वितळते आणि वितळलेले कापड कातडीला चिकटून खोल भाजते. म्हणून शेकोटीपाशी जाताना बाजारातली स्वस्त फ्लीसची हुडी घालू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. टोपीला लोंबणारी नाडीही नको. बागेत ट्रॅक्टर आणि ब्लोअर चालतात, त्यांच्या फिरत्या भागांत नाडी सापडणे जिवावर बेतू शकते. लोकरीत दव मुरते पण अंगाला ओल चटकन लागत नाही, त्यामुळे पहाटेच्या धुक्यातही ती ऊब देईल. मार्च संपला की हुडी उन्हात वाळवून, कडुनिंबाचा वाळला पाला घालून ठेवा, म्हणजे कसर लागणार नाही.

मुलाला जपानी कार्टूनमधल्या पात्राची हुडी हवी आहे. मी स्वतः रंगवून देऊ शकते. पुढे अशाच रंगवून विकाव्यात का? वारली चित्रांनाही मागणी आहे.
— एक चित्रकार, गंगापूर रोड

मुलासाठी जरूर रंगवा. विकण्यासाठी मात्र परवानगीशिवाय ते पात्र वापरू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ते उल्लंघन ठरते.

वारलीविषयी जरा अधिक लिहितो. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या तालुक्यांत वारली समाज राहतो. ही कला त्यांची आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखायची ही चित्रे केवळ सजावट नव्हेत. लग्नाच्या वेळी काढला जाणारा पालघाट देवीचा चौक हा विधीचा भाग आहे आणि तो हुडीच्या पाठीवर, बसताना टेकायच्या जागी, येऊ नये असे मला मनापासून वाटते. आपण एखाद्या वारली चित्रकाराबरोबर काम करावे, शिवण आपली आणि चित्र त्यांचे, आणि लेबलवर त्यांचे नाव असावे. त्यांना प्रत्येक नगामागे ठरलेली रक्कम मिळावी, एकदाच चित्र घेऊन शंभर छाप काढण्याचा व्यवहार नको. कापडाचा रंग चोवीस तास वाळू द्यावा आणि मग उलट बाजूने, चित्रावर ओलावा न येऊ देता, इस्त्री फिरवावी. रंग पक्का बसतो.

कांद्याच्या सालींत पांढरी हुडी रंगवली. मनगटाची आणि कमरेची रिब सुंदर केशरी झाली, बाकी हुडी मात्र मळकट पिवळसरच राहिली. साली कमी पडल्या का?
— एक विद्यार्थिनी, लासलगाव

लासलगावात साली कशा कमी पडतील! दोष आपल्या सालींचा नाही, कापडाचा आहे. रिब सुती असणार आणि हुडीच्या फ्लीसमध्ये पॉलिस्टरचे प्रमाण मोठे असणार. पॉलिस्टर वनस्पतींचे रंग घेत नाही. त्याला वेगळ्या जातीचे रंग आणि सुमारे १३० अंश सेल्सिअसची उष्णता लागते, ती घरच्या पातेल्यात मिळत नाही. शिवणीच्या मायेतून दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख राहते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

पुढच्या वेळी संपूर्ण सुती लूपनिट (आतून बारीक फासे असलेले विणीचे कापड) घ्या. ते साबणाच्या पाण्यात उकळून त्यावरचे तेल व मेण काढा. मग कापडाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के हिरड्याची पूड घातलेल्या पाण्यात ते रात्रभर भिजवा, आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच तुरटी विरघळवलेल्या कोमट पाण्यात ठेवा. सुताला रंग धरून ठेवायला या दोन्हींची मदत होते. साली कापडाच्या वजनाइतक्या घ्या, तासभर मंद उकळा, गाळून घ्या आणि मग कापड घालून पाऊण तास हलवत राहा. शेवटी चिमूटभर हिराकस (लोहाचा क्षार) घातले तर रंग केशरीवरून शेवाळी होईल. भांडे स्वयंपाकाचे वापरू नका. हा रंग कडक उन्हात हळूहळू फिका होतो, म्हणून कपडा उलटा करून सावलीत वाळवावा. विकणार असाल तर ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगावी.

भावाच्या हळदीसाठी पैठणीचा पदर लावून हुडी करायची आहे. चालेल का?
— एक बहीण, येवला

चालेल, परंतु धड पैठणी कापू नका. जिचे अंग विरले आहे आणि पदर-काठ शाबूत आहेत, अशी पैठणी घरात किंवा ओळखीत शोधा. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते, मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. ही खूण येवल्याच्या बहिणीला मी सांगावी असे नाही. रेशीम आणि जर ताणत नाहीत, म्हणून पदराचा तुकडा कोपर, मनगट, कंबर येथे लावू नये. टोपीची दर्शनी पट्टी किंवा पाठीवर खांद्यांमधली जागा योग्य. तुकड्याच्या कडा दुमडून, मागे पातळ सुती कापड देऊन, हातटाक्याने लावा, म्हणजे हळदीनंतर तो उसवून हुडी वेगळी धुता येईल. एकत्र धुतल्यास सुती कापड आटेल, रेशीम आटणार नाही आणि पदर फुगून सुरकुतेल. हळदीचा डाग मात्र रेशमावरून निघत नाही, तेव्हा तो तुकडा पुढे न लावता पाठीवरच बरा.

माझ्या सगळ्या नातवंडांना मी कुंच्या शिवल्या. आता पणतू झाला आहे. सून म्हणते, आजी, कुंचीसारखी हुडी शिवा. नाडी कुठे घालावी आणि मोती लावावेत का?
— एक आजी, पंचवटी

आजी, नाडी घालूच नका. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ साली लहान मुलांच्या कपड्यांच्या टोपीला आणि गळ्याला नाड्या नसाव्यात अशी मार्गदर्शक सूचना काढली, कारण घसरगुंडीच्या फटीत नाडी अडकून मुलांचे गळे आवळले गेले होते. युरोपातही सात वर्षांखालच्या मुलांच्या टोपीला व गळ्याला नाडी चालत नाही. कुंचीचे हनुवटीखालचे बंदही याच कारणासाठी हुडीत नकोत. त्याऐवजी टोपीच्या दोन बाजू पुढे एकमेकींवर आणा आणि एका बाजूला कापडी पट्टीवर वेल्क्रोचा लहान तुकडा लावा. ओढ बसली की तो आपोआप सुटतो. मोती, घुंगरू, आरसे काहीही लावू नका, बाळ ते तोडून तोंडात घालते. कशिद्याची फुले काढा आणि आतला दोरा पातळ कापडाने झाका, नाहीतर बाळाच्या कपाळाला गाठी टोचतील.

कुंचीच्या मागच्या चुण्या मात्र ठेवा, कारण बाळाच्या गोल डोक्याला त्या तुकड्यांच्या टोपीपेक्षा नीट बसतात. पाठीवरचा लांब घोळ काढून टाका. कापड धुऊन आटवलेले सुती असू द्या, टोपीला आतून मलमलीचे अस्तर द्या आणि झालर चेहऱ्यावर येणार नाही इतकी आखूड ठेवा. बाळ झोपताना ही हुडी अंगातून काढायची, एवढे सुनेला सांगा. आणि आपल्या जुन्या कुंचीचा नमुना वर्तमानपत्रावर आखून, त्यावर मापे लिहून आम्हांला पाठवाल का? तो पुढच्या अंकात छापायला आम्हांला आवडेल.